साठ हातांचा कागद

ओसिंगताई ‘गसेरा’ची अक्षरं काढायची. गसेरा म्हणजे आमच्याकडची रॉकेलची चिमणी. त्याच नावाचं कॉमिक दर शुक्रवारी मनिलाच्या सांपालोक भागातल्या आमच्या छापखान्यातून बाहेर पडायचं. लेखक गोष्ट लिहायचे, चित्रकार माणसं काढायचे, आणि त्या माणसांच्या तोंडाशी जे फुगे असतात त्यांत बोलणं भरायचं काम हिचं. टाक, काळी शाई आणि एक लाकडी पट्टी. बावीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. मी निकानोर, कानोर म्हणतात मला. मी खाली मशीनवर होतो. ती वरच्या मजल्यावर लिहायची ते चार दिवसांनी माझ्या हाताखालून छापून निघायचं.

ती मूळची तालच्या बाजूची, तळ्याकाठच्या खेड्यातली. एकोणिसाव्या वर्षी मनिलात परक्या घरी धुणीभांडी करायला आली. रविवारी अर्धा दिवस सुट्टी. ती दुसरीकडे कुठेच जायची नाही, ब्लुमेंट्रिटच्या बाजारात काद्योमामाच्या बाकावर जाऊन बसायची. काद्योमामाचं दुकान म्हणजे काय, तर टपरीच्या पुढे बांधलेल्या चार दोऱ्या, त्यांवर कपड्यांचे चिमटे लावून टांगलेली कॉमिकं, आणि खाली दोन लांब बाकं. अर्धा पेसो टाकायचा, हवं ते कॉमिक काढायचं, तिथेच बसून वाचायचं, परत टांगायचं. घरी न्यायचं नाही. अशी बाकं तेव्हा मनिलाभर होती. ज्यांना अख्खं कॉमिक विकत घेणं जड जायचं अशा धोबिणी, जीपनी नावाच्या प्रवासी गाड्या चालवणारे, मोलकरणी, बंदरावरचे हमाल यांचं वाचणं या बाकांवर चालायचं.

नोकरी लागली त्याचा किस्सा ती स्वतःच सांगायची. एकदा तिने गसेराला पत्र पाठवलं: ‘तुमच्या नायिकेच्या कपाळावरची जखम गेल्या शुक्रवारी उजवीकडे होती, या शुक्रवारी डावीकडे आहे. बाई बदलली की डॉक्टर?’ पत्र तिने कॉमिकातल्यासारख्या उभ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं, कारण तिला लिहायची दुसरी तऱ्हाच येत नव्हती. मालक लाक्सामानासाहेबांना वाटलं, कुणीतरी छापून पाठवलंय. त्यांनी अंगठ्याने चोळून पाहिलं, शाई पसरली. दुसऱ्याच दिवशी तिला बोलावणं गेलं.

तिचं लग्न झालं नाही. धाकटा भाऊ तेर्यो तिच्याजवळ असायचा. तो जन्मापासून बहिरा. गावात शाळा नाही, कुणी शिकवायला नाही. तो चौदा वर्षांचा झाला तेव्हा ताईने त्याला मनिलात आणलं आणि गसेरातूनच अक्षरं शिकवली. लोक तोंड हलवतात आणि मग एकमेकांवर चिडतात, हसतात, रडतात, ते का, हे त्याला त्या फुग्यांनी सांगितलं. सुरुवातीला म्हणे त्याची समजूत होती की प्रत्येक माणसाच्या डोक्यावर असा फुगा असतोच, फक्त आपल्यालाच दिसत नाही. मोठेपणी तो नावोतासच्या मासळी बंदरात बर्फाच्या लाद्या ओढायचा. शुक्रवारी संध्याकाळी मात्र अंघोळ करून, केसांना तेल लावून, दारात गसेराची वाट पाहत उभा राहायचा.

पंचाण्णव साली बाहेरून येणारा कागद चार महिन्यांत दुपटीने महागला. मार्चमध्ये साहेबांनी सगळ्यांना वर बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्या बापाने पायाने चालवायच्या मशीनवर हा धंदा सुरू केला होता, आणि तो आपल्या हातून बुडू नये एवढीच त्याची धडपड.

“सहा पेसोचं कॉमिक नऊला विकायचं,” साहेब म्हणाले, “नाहीतर कुलूप. तिसरं काही मला दिसत नाही. कुणाला दिसत असेल तर सांगा.”

ओसिंगताई म्हणाली, “नऊ पेसोत अर्धा किलो तांदूळ येतो, साहेब. बाई तांदूळ घेईल. घ्यायलाच पाहिजे.”

“मग काय करू, मी तांदूळ छापू?”

“मला आठ दिवस द्या.”

त्या आठ दिवसांत ती झोपली असेल असं मला वाटत नाही. चाळीस हजार अंकांमागे एक लाखाच्या वर माणसं वाचतात, हे ती इतक्या वेळा म्हणाली की वरचा चित्रकार तिला ‘जनगणना’ म्हणून चिडवायला लागला. पाचव्या दिवशी ती मशीनखोलीत आली. हातात चुरगळलेला, करडा-तपकिरी कागद.

“कानोर, हे बघ. अंडेवालीने अंडी बांधून दिली यात.”

“मग?”

“वालेन्सुएलाच्या पलीकडे गिरणी आहे. रद्दी भिजवून बनवतात. आपल्या कागदाच्या निम्म्याहून कमी भाव. मी विचारून आले. तू चल माझ्याबरोबर, मशीनवर चालेल का ते बघ.”

दोन जीपन्या बदलून आम्ही गेलो. गिरणीच्या आवारात रद्दीचे डोंगर होते आणि वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. मुकादमाने ताव आणून दिला. मी तो उजेडात धरला, टोक ओढून पाहिलं. मग सवयीने अंगठा जिभेला लावून कागदावर घासला. तिसऱ्या घासणीला भोक पडलं.

हे मी पाहिलं. माझ्या डोक्यात तेव्हाच आलं की वाचणारी माणसं असंच करतात. जिभेला बोट लावतात नि पान उलटतात. ताई मुकादमाशी बोलत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. मी तो ताव दुमडला आणि भोक आत गेलं.

“चालेल?” तिने विचारलं.

“शाई जरा जास्त पिईल,” मी म्हणालो. “अक्षरं फुगतील.”

“ते माझ्याकडे लागलं. मशीनवर चालेल ना?”

“मशीनवर चालेल.”

खोटं नव्हतं. माझ्या घरात तिसरं मूल येऊ घातलं होतं आणि छापखान्याला कुलूप लागलं असतं तर चाळिशीला आलेल्या मशीनमनला कोण उभं करणार होतं? परतीच्या वाटेवर ती इतकी खुशीत होती की तिने मला बळंबळं पानदेसालचे गरम पाव घेऊन दिले.

मग तिने हात बदलला. बावीस वर्षांचा हात. टाकाची निबं दगडावर घासून जाड केली, टीपकागदावर लिहून लिहून शाई किती पसरते ते मोजलं. e आणि a च्या पोटात जागा राहावी म्हणून ती अक्षरं बाजूला ओढून रुंद केली. फुग्यात शब्द मावेनात तेव्हा लेखकांकडे गेली.

“एका फुग्यात बाराच शब्द.”

“अहो ताई, माझा नायक मरतोय! बारा शब्दांत कसा मरेल तो?”

“पटकन मरेल.”

मे महिन्यात नव्या कागदावरचा पहिला गसेरा निघाला. पाच पेसो. जुन्या दरापेक्षाही एक कमी. पहिल्या शुक्रवारी चाळीस हजार दुपारपर्यंत संपले. तिसऱ्या आठवड्यात आम्ही बावन्न हजार छापले. साहेबांनी मोठ्या परातीत पान्सितच्या शेवया मागवल्या आणि सगळ्यांसमोर ताईच्या ताटात पहिला डाव घातला. “हिने कुलूप चावलं रे, कुलूप चावून खाल्लं,” ते म्हणाले. ताई लाजून पदराशी खेळावं तशी हातातल्या रुमालाशी खेळत राहिली.

त्या रविवारी मी तिच्या घरी जेवायला होतो. तेर्योपुढे नवा अंक होता. तो बोट फिरवत वाचत होता, आणि एका फुग्यापाशी थांबला. फुंकर मारली. तळहाताने पान पुसलं. परत फुंकर मारली. त्याला वाटलं धूळ बसलीय. ताईने त्याच्या हातातून अंक घेतला, समासात तोच शब्द पेन्सिलीने नीट लिहून दिला. त्याने मान हलवली आणि पुढे गेला. दोन पानांनंतर पुन्हा अंक तिच्यापुढे धरला.

“होईल सवय,” ती मला म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

जुलैत काद्योमामा छापखान्यात आला. हवा अशी दमट की भिंतींना हात लावला तर ओला व्हावा. म्हाताऱ्याच्या खांद्यावर पोतं होतं. तो सरळ वर गेला आणि ताईच्या टेबलाजवळ पोतं उपडं केलं. मी पायऱ्यांवरून बघत होतो. पोत्यातून अंक पडले असं म्हणता येणार नाही. चिंध्या पडल्या. कोपरे खाल्लेली पानं, एकमेकांना चिकटून लगदा झालेले जुडगे, पिनांतून सुटलेली मुखपृष्ठं.

“ओळखलंस का, बाई? तुझी लेकरं.”

“मामा, हे काय?”

“हे पाच पेसोचं काय ते.” तो बाकावर बसला, धापा टाकत होता. “तू माझ्या बाकावर बसून शिकलीस म्हणून मी तुझ्याकडे आलो, साहेबाकडे नाही गेलो. जुना गसेरा मी कसा ठेवायचो, आठवतं? मासे धरायच्या दोऱ्याने शिवायचो, वर प्लास्टिक घालायचो. एक अंक साठ माणसं वाचायची. साठ! मग तो मी तोंदोच्या पोराला विकायचो नि तिथे आणखी वीस जण वाचायचे. आणि हा? सातवं गिऱ्हाईक बसलं की चौदावं पान गायब. काल एक धोबीण माझ्यापुढे रडली. सेपाला मूल झालं की नाही ते पान कुणाच्या तरी बोटाला चिकटून गेलं.”

सेपा म्हणजे मे महिन्यात सुरू झालेल्या आमच्या मुख्य मालिकेतली धोबीण. तिच्या बाळंतपणावर अख्खी मनिला डोळा लावून बसली होती.

“पण मामा, स्वस्त झालाय की. एक फाटला तर दुसरा घ्या.”

“दुसरा नाही, बाई. चार फाटले, पाचवा, सहावा, आठवा. साठ माणसांना वाचायला द्यायला मला आठ घ्यायला लागतात. आठा पाचा चाळीस. सहाचा एक होता तो स्वस्त की हा? तू त्याचा दर कमी केलास नि आयुष्य त्याहून कमी केलंस. माझ्या बाकावर कधी कुणी कॉमिक विकत घेतलंय का? ती माणसं पानं विकत घेत नव्हती, बसायची जागा घेत होती नि अर्धा तास घेत होती. तो अर्धा तास आता मी एक पेसोला देतो. शेजारच्या टपरीवाल्याने टीव्ही लावलाय. तो फुकट आहे.”

ताई खाली बसली आणि चिंध्या गोळा करायला लागली. एकेक उलगडून बघायची, कुठल्या अंकाचं कुठलं पान ते. काद्योमामा गेला तरी ती तिथेच होती. मी पायऱ्या उतरून मशीनवर गेलो.

त्यानंतर तिने जे केलं ते बघवत नव्हतं. तांदळाची खळ शिजवायची, पातळ पतंगी कागदाच्या पट्ट्या कापायच्या, आणि काम सुटल्यावर बाकाबाकावर जाऊन फाटकी पानं डकवायची. शनिवार-रविवार तेर्यो डबा धरून बरोबर. ब्लुमेंट्रिट, तोंदो, कियापो, रेल्वेच्या रुळांकडेची वस्ती. तिच्या यादीत चाळीस बाकं होती. जिथे पान पूर्णच गेलं असेल तिथे ती आठवून आठवून कोऱ्या कागदावर संवाद लिहायची आणि चित्राच्या जागी नुसतं ‘इथे सेपा दारात उभी आहे’ असं लिहून मध्ये घालायची. माणसं तेही वाचायची. पण दर खेपेला बाकं कमी. कुठे बाक फिरवून टीव्हीकडे तोंड केलेलं. एका ठिकाणी टपरीवाली बाई म्हणाली, “ताई, कशाला त्रास घेता? मी आता त्यात खारवलेले मासे बांधते. मस्त तेल पितो हा कागद.” ताईने ते हसत हसत आम्हाला सांगितलं, आणि सांगता सांगता उठून मोरीकडे गेली.

ख्रिसमसच्या सुमारास आमची छपाई अठरा हजारांवर आली. ती साहेबांकडे गेली. मी तिथेच होतो, शाईची मागणी सांगायला गेलो होतो.

“साहेब, माझं चुकलं. जुना कागद परत आणा. नऊ म्हणा, दहा म्हणा. बाकवाले घेतील. टिकला तर त्यांना परवडतो.”

साहेबांनी चष्मा पुसला. “बस, ओसिंग. तुला वाटतं सगळा खेळ कागदाचा आहे. मलाही वाटलं होतं. आता ऐक. अठरा हजार काढले काय नि पन्नास हजार काढले काय, चित्रकार तोच, लेखक तोच, तुझा टाक तोच, छापायच्या प्लेटा त्याच, मशीन तेवढंच गरम होतं. ते सगळं आधी पन्नास हजार अंक उचलायचे, आता अठरा हजार उचलतात. उद्या त्या गिरणीवाल्याने मला कागद फुकट दिला ना, तरी पाचात परवडणार नाही. आणि जुना कागद आणला तर नऊ नाही, पंधराला जाईल. पंधराला काद्यो घेईल?”

“नाही.”

“मग?”

“म्हणजे वाचणारी माणसं गेली तिथेच संपलं.”

“तिथेच संपलं.”

“आणि ती मी घालवली.”

साहेबांनी नाही म्हणायला हवं होतं. ते थकले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

ती माझ्या मागोमाग खाली आली. मशीन बंद होतं. “कानोर, एक विचारू? त्या दिवशी गिरणीत तू ताव हातात घेतलास. तुझी बोटं वीस वर्षं कागदात आहेत. तुला कळलं नव्हतं?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पण तिचे डोळे असे होते की जणू तिला एवढी एकच गोष्ट हवी होती: कुणालाच कळलं नसतं, हे ऐकायचं होतं.

“कळलं होतं,” मी म्हणालो. “भोक पडलं होतं. मी ते दुमडलं.”

मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, “तुझी बायको कितव्या महिन्यात होती तेव्हा?”

“सहाव्या.”

“हं,” ती म्हणाली आणि वर गेली. दोन महिने माझ्याशी बोलली नाही. टेबलावर मी शाई ठेवली तर उचलायची, मान वर करायची नाही.

मग फेब्रुवारीच्या शेवटी स्वतःहून आली. मागच्या खोलीत कॅलेंडरसाठी आणलेला जाड, पांढरा कागद पडून होता. कॅलेंडरचं गिऱ्हाईक मोडलं होतं, आणि साहेबांनी तो एका व्यापाऱ्याला देऊन टाकायचं ठरवलं होतं. ईस्टरनंतर गाडी येणार होती.

“त्यावर सेपाची पहिल्यापासूनची गोष्ट छापायची,” ती म्हणाली. “प्लेटा आहेत अजून. मी लावून ठेवल्यात. तीनशे पुस्तकं होतात. फक्त बाकांसाठी. एकदा तरी त्यांच्या हातात पूर्ण गोष्ट जाऊ दे, एकही पान न गळता.”

“साहेबांना विचारलंत?”

“विचारलं. नाही म्हणाले. शब्द दिलाय व्यापाऱ्याला.”

“मग?”

“मग तुला विचारतेय. तू माझं एक देणं लागतोस, कानोर. मी कधी मागणार नव्हते.”

गुड फ्रायडेला आमच्याकडे कुणी केरसुणीसुद्धा हातात धरत नाही. दुकानं बंद, रस्ते ओस, लांबून मिरवणुकीतली स्तोत्रं ऐकू येतात. त्या दिवशी सकाळी सहाला ताई, तेर्यो आणि मी मागच्या दाराने आत शिरलो. किल्ली माझ्याकडे असायचीच. बाहेर देवाचं मरण चाललेलं आणि आत मी मशीन सुरू केलं. तेर्योने गठ्ठे उचलले. त्याला आवाज ऐकू येत नव्हताच, त्यामुळे भीतीही नव्हती. ताई ताव मोजून लावत होती.

पहिला ताव सुटला. तिने उजेडात धरला. जाड पांढऱ्या कागदावर शाई जरासुद्धा पसरली नव्हती, आणि म्हणून ती मुद्दाम रुंद केलेली, सुजलेली अक्षरं अगदी उघडी पडली होती. साधं ‘पाणी दे’ म्हणणारी सेपा किंचाळल्यासारखी वाटत होती.

“शी,” ताई म्हणाली. “ही माझी अक्षरं नाहीत.”

“थांबवू?”

“नको. चालू ठेव.”

दुपारी तीनला, जेव्हा सगळं शहर गुडघ्यांवर असतं, तेव्हा आम्ही पिना मारत होतो. तेर्योने एक पुस्तक उचललं आणि कोपऱ्यात बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. एकदाही तिच्याकडे आणलं नाही. ती काम करता करता मधूनच त्याच्याकडे पाहायची.

शनिवारी आणि ईस्टरच्या रविवारी ती पुस्तकं बाकांवर गेली. काद्योमामाने मोजून अकरा घेतली. सोमवारी साहेब मागच्या खोलीत गेले आणि तसेच वर आले. चेहरा पांढरा पडलेला. त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं.

“कुणी केलं?”

“मी,” ताई म्हणाली.

“मशीन कुणी चालवलं?”

“मीच. बावीस वर्षं बघतेय, एवढं जमतं.”

“किल्ली?”

“कानोरच्या डब्यातून काढली. त्याला माहीत नाही.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मशीन कुणी चालवलं ते कळायला मशीनमालक असायलाही लागत नाही. ते नुसतं वाट पाहत होते, मी तोंड उघडतो का याची. माझं धाकटं तेव्हा नऊ महिन्यांचं होतं. मी जमिनीकडे पाहिलं.

ताई टाक, पट्टी आणि शाईची बाटली रुमालात बांधून निघाली. तिने कुणाचा निरोप घेतला नाही. साहेब जिन्यापर्यंत तिच्यामागे गेले, काहीतरी म्हणाले, ती थांबली नाही.

गसेरा त्यानंतर पाच महिने चालला. अक्षरं काढायला कॉम्प्युटर शिकलेला एकजण आणला. त्याच्या अक्षरांत सगळी माणसं एकाच आवाजात बोलायची. सप्टेंबरात कुलूप लागलं. मशीन भंगारात गेलं, आणि मी एका पिशव्या छापायच्या कारखान्यात रात्रपाळीला लागलो. ती तीनशे पुस्तकं टिकली, अगदी ती म्हणाली होती तशी. काद्योमामाचा मुलगा सांगायचा, एकेक पुस्तक दोन-दोन वर्षं दोरीवर होतं, शंभराच्या वर हात लागले. पण मग दोरीच काढली. काद्योमामा वारला आणि पोराने तिथे गाण्याचं मशीन लावलं, नाणं टाकायचं नि गायचं. बाकं गाणाऱ्यांना उपयोगी पडली.

तेर्योचं मी दुसऱ्यांकडून ऐकलं. शुक्रवारी तो कितीतरी महिने अंघोळ करून दारात उभा राहायचा. ताईने जुने अंक दिले, ते त्याने सगळे पाठ केले होते. ती स्वतः वहीत चित्रं काढून फुगे भरून द्यायची, पण तिला माणसं काढता येत नव्हती, आणि तो ती वही हळूच मिटून तिला परत द्यायचा. पुढे त्याने वाचणंच टाकलं. बंदरातही कुणाकडे बघेनासा झाला. लोक तोंड हलवायचे आणि तो मान खाली घालून लादी ओढायचा.

ताईला मी भेटलो ते सात वर्षांनी. सांपालोकमध्येच, फुलबाजारात. मयताच्या पुष्पचक्रांच्या एका दुकानात ती मागच्या बाजूला बसून जांभळ्या रिबिनींवर सोनेरी रंगाने नावं लिहायची. तेच उभं, सुटं अक्षर. चष्मा जाड झाला होता आणि नाक रिबिनीला टेकत होतं. मी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेच्या मृतांच्या सणासाठी आईच्या थडग्याला फुलं घ्यायला गेलो होतो.

“ताई.”

तिने वर पाहिलं, ओळखायला थोडा वेळ लागला. “कानोर. किती मुलं झाली?”

“चार.”

“बरं.”

मी तिथेच उभा राहिलो. सात वर्षं मनात घोळलेलं सगळं एकदम निघालं. “त्या सोमवारी मी बोलायला हवं होतं. तुम्ही एकट्या नव्हता. मी गिरणीतही गप्प बसलो आणि तेव्हाही...”

“कानोर, हे सांगून तुला आज झोप लागेल,” ती म्हणाली. रागाने नाही, एखादा भाव सांगावा तसं. “मला नाही लागणार. चाळीस बाकं माझ्याच हाताने मेली. तू बोलला असतास तर साहेबांनी दोघांना काढलं असतं, एवढाच फरक. ते माझ्यापाशी नको आणूस. ही रिबीन धर, सरकतेय.”

मी टोक धरलं. एका लहान मुलीचं नाव होतं, लांबलचक, स्पॅनिश धाटणीचं. रिबीन पुरेल की नाही याचा तिला अंदाज येत नव्हता. ती अक्षरं बारीक करत गेली. शेवटची दोन मावली नाहीत, तेव्हा तिने रिबीन माझ्या हातातून काढून घेतली, चुरगळून टोपलीत टाकली आणि नवी कापायला घेतली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. दुकानात रिबीन धरायला तिने कुणा फुलवालीला बसवलं होतं. ताईने मान वर केली, मला पाहिलं, आणि परत लिहायला लागली.